जुन्या स्पोर्ट्स कारलाही धर्मकाटा दाखवा

कापूस विकणारा शेतकरी व्यापाऱ्याच्या काट्यावर डोळे झाकून भरवसा ठेवत नाही. गाडी आधी धर्मकाट्यावर घालतो, चिठ्ठी खिशात टाकतो आणि मगच जिनिंगच्या फाटकातून आत शिरतो. तोच माणूस मुंबईची जुनी ऑडी टीटी किंवा ऑक्टाव्हिया व्हीआरएस घ्यायला निघाला की विकणाऱ्याच्याच मेकॅनिकचं प्रमाणपत्र त्याला चालतं. "भाऊ, गाडी एकदम टकाटक आहे, या आणि घेऊन जा," एवढ्यावर लाखांचा टोकन सुटतो.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या माणसाची खरी अडचण अंतराची. अशी गाडी गावात मिळत नाही. ती मुंबई-पुण्याला, सुरतेला किंवा इंदूरला असते. एवढं जाऊन रिकाम्या हाती परतणं जिवावर येतं, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून घरबसल्या होण्यासारखं सगळं आधी उरकायचं.

परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून कितवा मालक, कर्जाचा बोजा, विम्याची मुदत आणि थकलेली चलनं बघा. बोजा दिसत असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय पुढे बोलू नका. गाडी गुजरात किंवा मध्य प्रदेश पासिंगची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स लागतोच. आयात केलेल्या गाडीला टॅक्सचा दर आणखी चढा असतो. 'स्वस्त' गाडीतला स्वस्तपणा बऱ्याचदा इथेच संपतो.

मग चालू विमा पॉलिसीची पूर्ण प्रत मागवा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यातली सूट, २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा वर्षागणिक चढतो आणि एका क्लेमला शून्यावर येतो. सहा वर्षांची गाडी, एकच मालक आणि बोनस फक्त २० टक्के, तर मध्ये काय झालं हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. उलट ५० टक्के दिसले म्हणून गाडी निष्कलंक ठरत नाही. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. त्याच्या जुन्या गाडीवरून तो इकडे आलेला असू शकतो.

आता तपासणारा कोण? त्या ब्रँडचं अधिकृत वर्कशॉप, नाहीतर फक्त त्याच ब्रँडच्या गाड्या करणारं स्वतंत्र गॅरेज. दोनशे मुद्द्यांची यादी घेऊन पार्किंगमध्ये येणारे तपासनीस फॅमिली हॅचबॅकला ठीक आहेत. गाडी वर उचलणारी लिफ्ट नसेल तर स्पोर्ट्स कारची तपासणी अर्धीच समजा. गॅरेज तुम्ही निवडायचं, पैसे तुम्ही द्यायचे, रिपोर्ट थेट तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर यायला हवा. सौदा होवो न होवो, फी तीच. एजंटाला विचारून गॅरेज ठरवलं तर धर्मकाट्यावर व्यापाऱ्याचा माणूस बसवल्यासारखं झालं. फोनवर दोनच प्रश्न विचारा: किती वेळ लागेल, आणि स्कॅनर कोणता? उत्तर अडीच-तीन तासांच्या खाली आलं तर दुसरं गॅरेज शोधा. फोक्सवॅगन-ऑडी-स्कोडाला ओडिस किंवा व्हीसीडीएस, बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री, पोर्शेला पिविस हवं. साधा ओबीडी रीडर (कुठल्याही गाडीला लावता येणारा स्कॅनर) मुख्यतः इंजिनाच्याच दोषांचे कोड वाचतो. गिअरबॉक्स, एअरबॅग, एबीएस त्याला बहुधा दिसतच नाहीत.

टोकन शक्यतो तपासणीनंतरच. आधी द्यावाच लागला तर "स्वतंत्र तपासणीत अपघात, मीटर फिरवणं किंवा इंजिन-गिअरबॉक्सचा दोष निघाल्यास टोकन पूर्ण परत" असा मेसेज पाठवून विक्रेत्याचं लेखी 'हो' घ्या.

तपासणी सकाळची ठेवा, इंजिन रात्रभर थंड असलेलं. बॉनेटला हात लावून थंडी कळते हे खानदेशच्या उन्हाळ्यात विसराच, मे महिन्यात सावलीतला पत्राही तापलेला असतो. त्यापेक्षा स्टार्ट करण्याआधी स्कॅनरवर कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) आणि इंजिनात येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळजवळ सारखी असतील तर इंजिन खरंच थंड आहे. कूलंट ६० आणि हवा ३० दाखवत असेल तर कोणीतरी तुमच्या आधी गाडी गरम करून ठेवली आहे. थंड इंजिनाची टायमिंग चेनची खडखड आणि सुरू होतानाचा निळा धूर लपवायला एवढं पुरतं.

त्याच स्कॅनरवर आणखी एक आकडा असतो, दोषांचे कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले. तो १२ किंवा ४० निघाला आणि रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्याची खूण) अपुरे दिसले, तर इंजिनाचा इशारा-दिवा कालच विझवलाय. विक्रेता म्हणेल, बॅटरी बदलली. असेलही. मग गाडी दोन-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा दाखवा म्हणावं.

मीटर फिरवलेला पकडायला एकाच ठिकाणचा आकडा पुरत नाही. किलोमीटरची नोंद बऱ्याच गाड्यांत एकाहून जास्त मॉड्यूलमध्ये (छोट्या संगणकांत) असते, सगळ्या जुळल्या पाहिजेत. पोर्शेचा संगणक इंजिन किती तास चाललं तेही सांगतो. किलोमीटरला तासांनी भागा. शहरात वापरलेल्या गाडीची सरासरी ताशी २५-४० च्या आसपास येते. १० आली तर किलोमीटर कुठेतरी गळालेत. मॅन्युअल पोर्शे असेल तर ओव्हर-रेव्हचा (इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याचा) रिपोर्टही छापून घ्या. पाचव्याऐवजी चुकून तिसऱ्यात गेलेला गिअर त्यात नोंदलेला राहतो, आणि कोणत्या तासाला हे घडलं तेही कळतं. २००८ पर्यंतच्या पोर्शे बॉक्सस्टर-केमनला इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग निकामी होण्याचा प्रश्न आहे. तिथे ऑइल फिल्टर कापून धातूचा चुरा पाहावा आणि बोअरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) सिलिंडरच्या भिंतींवरचे ओरखडे तपासावेत. टर्बो गाडीत ईसीयू रिमॅप झालाय का, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदललंय का, हे स्पष्ट विचारून घ्या. मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी क्लच आणि टर्बोने तो ताण भोगलेलाच असतो.

पेंट गेजची, म्हणजे रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राची, भाषा सोपी आहे. कंपनीचा रंग साधारण ९० ते १६० मायक्रॉन. २०० ते ३०० म्हणजे दुसऱ्यांदा रंग, ५०० च्या वर गेला की खाली पुट्टी. एखादा दरवाजा रंगवलेला असणं गुन्हा नाही, पण छत आणि त्याला धरणाऱ्या खांबांवर पुट्टी निघाली की तिथूनच परत फिरा. बंपर प्लास्टिकचा, त्यावर साधं गेज चालत नाही. टीटीसारख्या गाडीचे बरेच पत्रे अॅल्युमिनियमचे आहेत, म्हणून लोखंड आणि अॅल्युमिनियम दोन्ही मोजणारंच गेज मागवा. काचांवरची कंपनी आणि वर्ष जुळवा. सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ आहे का ते बघा. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी बाहेरून कितीही चकाचक असो, ती रेघ धुवायची सहसा कोणाला आठवत नाही.

लिफ्टवर सबफ्रेम (इंजिन-सस्पेन्शन धरणारी खालची चौकट), बुशिंग (सांध्यातले रबर), ऑइल सम्पच्या (तेलाच्या टाकीच्या) खालचे ओरखडे, ब्रेक डिस्कवर कोरलेली किमान जाडी आणि टायरची तारीख बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. टायर अर्धे शिल्लक दिसले तरी सहा वर्षं उलटली असतील तर चारही नव्याने धरा.

मग चालवणं. तिसऱ्या-चौथ्या गिअरला कमी आरपीएमवरून पूर्ण अॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम उडाला आणि वेग वाढला नाही तर क्लच गेला. डीएसजीची (फोक्सवॅगन-ऑडी-स्कोडाच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) परीक्षा गरम झाल्यावर, चढावर, रांगत आणि रिव्हर्समध्ये घ्या. सात गिअरच्या ड्राय क्लचमध्ये थरथर आणि मेकॅट्रॉनिकचे (गिअर बदलणाऱ्या नियंत्रण-भागाचे) दोष तेव्हाच तोंड वर काढतात. सहा गिअरच्या वेट क्लचला दर ६०,००० किलोमीटरला तेल लागतं, त्याची पावती मागा. आणि परतल्यावर एसी पूर्ण लावून वीस मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवा. पुण्याच्या हवेत वर्षानुवर्षं निभावलेला अशक्त रेडिएटर फॅन भुसावळच्या ४५ अंशांत पहिल्याच आठवड्यात उघडा पडतो. कूलंटच्या तापमानाचा आकडा चढायचा थांबत नसेल तर एसीचं कौतुक बाजूला ठेवा.

रिपोर्ट आला की घासाघीस करण्याआधी प्रत्येक भागाचा पार्ट नंबर घेऊन फोनवर किंमत काढा, मजुरीसह. "थोडं काम आहे" यावर दहा हजार सुटतात, "पुढच्या दोन डिस्क आणि पॅड, हा आकडा" यावर पूर्ण रक्कम. तपासणीलाच नकार देणाऱ्याशी वाद घालू नका, गाड्या पुष्कळ आहेत.

सौदा झाल्यावर विम्याचं विसरू नका. थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) कायद्याने नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग पॉलिसी नावावर झाल्याशिवाय मिळत नाही. अर्जाची मुदत १४ दिवस. गाडी ट्रकवर आणणार असाल तर लांब, उताराचे रॅम्प असलेला फ्लॅटबेड ठरवा, नाहीतर पुढचा लिप (बंपरची खालची कड) चढतानाच फुटतो. आणि पट्टे चाकांवरून बांधायला सांगा, सस्पेन्शनच्या आर्मला हूक अडकवू देऊ नका.