बांधापलीकडचा प्लॉट

२०१९ ची दिवाळी नाशिकचा कुठलाच द्राक्षवाला विसरणार नाही. आधी क्यार, लगेच मागोमाग महा, वादळं अरबी समुद्रात आणि पाऊस आमच्या गोडी छाटणी (फळं धरण्यासाठीची छाटणी) झालेल्या बागांवर. मी तेव्हा डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीसारख्या रोगाचा अंदाज द्यायचं काम करायचे. प्लॉटमधल्या वेदर स्टेशनवरून तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पान किती तास ओलं राहिलं हे येतं, मॉडेल धोका काढतं, मग शेतकऱ्याला फोन, फवारा नाहीतर थांबा.

पाऊस उघडल्यावर दिंडोरीकडच्या नानांचा फोन आला, बाग ऐन फुलोऱ्यात. "मॅडम, वाफसा नाही, ट्रॅक्टर रुततोय, गडी लावून फवारणीच्या गनने औषध मारू का दोन दिवस थांबू?" स्क्रीनवर पाऊस शून्य, पान ओलं जेमतेम 3 तास, धोका मध्यम. मी म्हटलं थांबा.

सहाव्या दिवशी ऊन चढायच्या आत मी त्यांच्या बागेत होते. बांधाकडच्या पहिल्या चार ओळींत घडाघडावर पांढरं, हात लावला की फुलं गळत होती. आत जाऊ तसं कमी कमी होत गेलं आणि दुसऱ्या टोकाला जवळपास काहीच नाही. रोग कुठून आला ते ओळीच सांगत होत्या. बांधापलीकडचा प्लॉट पावसात पार गेलेला, घड कुजलेले, म्हणून त्या दादांनी फवारणी सोडलेली, आणि त्यांना तरी काय बोलणार, पीक गेल्यावर औषधाला पैसे कोण देतं. तिथलं एक पान उलटून बघितलं. वरून पिवळा तेलकट डाग आणि बरोबर त्याच्या खाली पांढरा कापसासारखा थर, अंगठा फिरवला तर पिठात बुडवल्यासारखा झाला. हे बीजाणू रात्रीच्या अंधारात तयार होतात, आर्द्रता 95 टक्क्यांच्या वर गेली की, आणि सकाळी हवा कोरडी व्हायला लागली की वाऱ्यावर सुटतात. उन्हात फार टिकत नाहीत म्हणून बहुतेक जवळच पडतात, पण इथे जायचं होतं फक्त बांध ओलांडून, आणि समोर दवाने भिजलेला फुलोरा.

स्क्रीनवरचे ते 3 तासही खरे नव्हते. स्टेशन बसवणारी मुलं गेटजवळ मोकळ्या उन्हात खांब रोवून निघून जातात, तिथला सेन्सर लवकर सुकतो, मांडवाखालची दाट पानं कितीतरी वेळ ओली असतात. मी दोनदा लिहून दिलं होतं, ऑफिसात फोन किती झाले तेवढंच मोजायचे.

पण सेन्सरवर ढकलून मला झोप लागत नाही, कारण तो पलीकडचा प्लॉट मी फोनच्या चार दिवस आधी स्वतः बघितला होता. जाताना गाडीतून, डाग दिसत होते. मॉडेलमध्ये शेजारच्या बागेला रकाना नव्हता, आणि नानांशी बोलताना मीही स्क्रीनपलीकडे गेले नाही.

नाना एका शब्दाने बोलले नाहीत, उलट म्हणाले, "त्या चिखलात गनने मारून तरी किती बसलं असतं मॅडम." अख्ख्या बागेला नसतंच बसलं. बांधाकडच्या चार ओळी मात्र दोन गड्यांनी दुपारपर्यंत केल्या असत्या.