दम्याच्या गोळ्या आणि खांद्यातलं इंजेक्शन : माझा अनुभव

दमा लहानपणापासूनचा, साखर गेल्या काही वर्षांतली. त्यात उजवा खांदा आखडला, फ्रोझन शोल्डर. मधुमेह असलेल्यांना हा जास्त होतो म्हणे. वेणी घालायला हात मागे जाईना, रात्री त्या कुशीवर वळलं की कळ मस्तकात जायची. व्यायामाने म्हणावा तसा फरक पडेना, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी सांध्यात ट्रायमसिनोलोनचं इंजेक्शन द्यायचं ठरवलं. हे स्टिरॉइडच.

नेमकं जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत, दम्याने उचल खाल्ली. होम मैदानावरची धूळ आणि पहाटेचा गारठा मला दर वर्षी बाधतो. छातीच्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या, याही स्टिरॉइडच्याच, रोज ४० मिलिग्रॅम, सकाळी नाश्ता झाल्यावर, ७ दिवस. इंजेक्शनची तारीख लगेच पुढच्या आठवड्यातली.

दोन्ही दवाखाने वेगळे, एकाचं कागदपत्र दुसऱ्याकडे आपोआप जात नाही. मी दोन्ही फायली पिशवीत घालूनच गेले. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी पाहिली, साखरेची वही उलटली आणि सुई बाजूला ठेवली. सांध्यात दिलेलं औषध फक्त सांध्यातच राहत नाही, त्यातलं काही रक्तात उतरतं. ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोनची ताकद साधारण ५० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनएवढी. गोळ्यांनी आधीच चढलेल्या साखरेवर आणखी भर, शिवाय छातीत कफ असताना सांध्यात सुई नको. "ताई, छाती मोकळी होऊ द्या, साखर जागेवर येऊ द्या. खांदा थांबू शकतो."

मला खरी धास्ती वेगळीच होती. इंजेक्शन घेतल्यावर पुन्हा दमा उठला तर? हे दोघांनाही विचारलं आणि दोघांचं उत्तर एकच आलं : धाप लागली तर गोळ्या घ्यायच्याच, इंजेक्शन झालंय म्हणून अडून बसायचं नाही. पुढे ढकलायचं ते सांध्याचं. हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. रोजचा पंपही चालूच ठेवायचा. त्यातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, त्याला गोळीच्या पंक्तीला बसवून बंद करणं धोक्याचं.

छातीच्या डॉक्टरांनी आणखी एक समजावलं. गोळ्या तीन आठवड्यांहून जास्त चालल्या तर एकदम तोडायच्या नाहीत. मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवायचं कमी करतात, अचानक औषध थांबलं की गळून जायला होतं, चक्कर येते, उलट्या होतात. सांध्यातल्या इंजेक्शननंतरही त्या काही आठवडे मंदावू शकतात. म्हणून वरचेवर गोळ्या, वरचेवर सुया, ही बेरीज कुणीतरी ठेवायलाच हवी.

ती मी ठेवते. फाइलच्या पहिल्याच पानावर रकाने आखलेत : तारीख, औषध, किती मिलिग्रॅम, गोळी की सुई, कशासाठी, कुणी दिलं. शेजारच्या काकूंनी सांधेदुखीवरची बिननावाची पुडी आणून दिली होती, मोठ्या मायेने. ती मी घेतली नाही. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं आणि त्याची नोंद कोणत्या रकान्यात करणार?

छाती साफ झाल्यावर काही आठवड्यांनी इंजेक्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी साखर वर गेली, आठवडाभर चढीच राहिली. हे आधी सांगितलेलं असल्याने घाबरायला झालं नाही. आकडे रोज फोनवर कळवले, डॉक्टरांनी मधुमेहाची गोळी तेवढ्यापुरती वाढवली, मग पूर्ववत केली.

दुखणं उतरलं, तशी फिजिओथेरपी नेटाने सुरू झाली. आता वेणी घालता येते, वरच्या फळीवरचा डबा मात्र अजून डाव्या हातानेच. याच खांद्यात दुसरं इंजेक्शन लागलंच, तर पहिल्याला तीन महिने झाल्याशिवाय नाही, आणि मधे गोळ्यांचा कोर्स झाला तर त्याहून पुढे, असं हाडांच्या डॉक्टरांनी त्याच पानावर लिहून सही केली आहे.