बेअरिंग तेच, वेग वेगळा

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा निपाणीच्या आमच्या घरात फडताळावरची पितळी भांडी खाली आली, अशी हकिकत आजी सांगत असे. 2016 च्या भारतीय मानकात बेळगाव तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या भूकंपक्षेत्रात आहे, त्यामुळे जमिनीचे हादरे वर कमी पोचावेत म्हणून इमारतीखाली रबराची बेअरिंगे बसवण्याचा विषय इकडे सहसा निघत नाही. मला मात्र, बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत ओतकामात आयुष्य गेल्यामुळे, त्या बेअरिंगमधल्या शिशाचे कुतूहल आहे.

न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सन यांनी 1970 च्या दशकात हे बेअरिंग तयार केले. रबराचे थर आणि पोलादी पत्रे एकाआड एक घट्ट जोडलेले असतात व मधोमध शिशाचा दांडा असतो. पत्र्यांमुळे रबर वजनाखाली फारसे फुगत नाही, पण आडवे सहज सरकते, आणि हलताना शिसे भूकंपाच्या ऊर्जेची उष्णता करून टाकते. 2001 च्या भूकंपानंतर भूजचे रुग्णालय अशाच बेअरिंगांवर पुन्हा बांधले गेले.

प्रयोगशाळेत बेअरिंगवर इमारतीइतका भार कायम ठेवून आडव्या जॅकने ते पुढेमागे सरकवतात. रबराच्या थरांची एकूण जाडी 200 मिलिमीटर असेल आणि सरकही तेवढीच दिली, तर त्याला 100 टक्के शिअर म्हणतात. बल आणि सरक यांचा आलेख काढला की एक बंद वळसा मिळतो आणि त्याचे क्षेत्रफळ म्हणजे त्या आवर्तनात शोषलेली ऊर्जा.

खरी गोम वेगात आहे. तार तोडण्यासाठी ती भराभर वाकवली की वाकलेली जागा बोटाला चटका देते. तेच सावकाश केले तर ती जेमतेम कोमट होते. शिशाचेही तसेच आहे. चाचणी संथ घेतली तर उष्णता पत्र्यांत आणि रबरात निघून जाते व सगळे वळसे जवळजवळ एकावर एक बसतात. भूकंपाच्या खऱ्या वेगाने घेतली तर शिसे तापते, मऊ पडते आणि प्रत्येक आवर्तनाला वळसा बारीक होत जातो. (थंड झाल्यावर ते बरेचसे पूर्ववत होते, कारण त्याचे स्फटिक खोलीच्या तापमानालाच नव्याने घडतात, पोलादाला हे जमत नाही.) मात्र पूर्ण आकाराचे बेअरिंग एवढ्या भाराखाली या वेगाने हलवणारी यंत्रे जगात मोजकीच आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले यंत्र सेकंदाला 1.8 मीटरपर्यंत वेग देऊ शकते.

रबराची अडचण निराळी आहे. पहिल्या आवर्तनात ते ताठ असते, नंतर सैलावते आणि काही काळाने पुन्हा ताठरते. म्हणून नमुना आधी दोनचार वेळा हलवून मग मोजमाप सुरू करणे मला पटत नाही: इमारतीखालचे बेअरिंग वर्षानुवर्षे स्थिर असते, आणि भूकंपात त्याच्या वाट्याला पहिलेच आवर्तन आधी येते. अहवालात ते पहिले आवर्तन आणि चाचणीची वारंवारता (सेकंदाला किती आवर्तने), दोन्ही छापलेली असावीत.