शेंगेन व्हिसा आणि बँकेचं एक पत्र

युरोपला पहिल्यांदा निघालेलं कुणी भेटलं की मी आधी एकच विचारते, तुमच्या बँक स्टेटमेंटवर तुमचं नाव छापून येतं का? शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, आणि तो मागताना खर्चाचे पैसे आहेत हे कागदावर दाखवावं लागतं. बूट, स्वेटर, खाकरे, सगळं नंतर.

आमचं संयुक्त खातं आहे, गिरगावच्या शाखेत, लग्नानंतर दोन वर्षांनी उघडलेलं. चाळ सोडून मुलुंडला आलो तरी खातं तिथंच राहिलं. पहिलं नाव ह्यांचं, दुसरं माझं. मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं. निवृत्तीचे पैसे याच खात्यात आले आणि या सहलीसाठी बाजूला ठेवलेली रक्कमही बरीचशी माझी. पण स्टेटमेंट काढलं की वर नाव येतं ते फक्त ह्यांचं. इतक्या वर्षांत माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

२७ मार्च २०२५ला व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्रात आमची अपॉइंटमेंट होती. बाकीची फाइल चोख होती. मुलीनं पंधरा दिवस बसून पॅरिस, लुसर्न, रोम असा दिवसवार कार्यक्रम केला होता, हॉटेलं रद्द करता येतील अशीच घेतली होती, विमा ३०,००० युरोंच्या वरचा होता. ह्यांचे कागद पाच मिनिटांत पुढे गेले. माझे हातात घेऊन खिडकीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचं स्टेटमेंट?" मी म्हटलं, हेच, दोघांचं आहे. "यावर तर सरांचंच नाव आहे."

पासबुकाचं पहिलं पान दाखवलं, त्यावर दोन्ही नावं आहेत. ते चालेना, कारण त्याच्या झेरॉक्सवर बँकेचा शिक्का नव्हता. माझं आयकर विवरणपत्र होतं, पण आज खात्यात पैसे आहेत हे त्यातून कळत नाही. मग तिनं सोपा मार्ग सांगितला, "सर तुमचा खर्च करतायत असं पत्र द्या ना. इथंच लिहून द्या, लगेच घेते." हे पेन काढून तयारही झाले, दोन ओळींचं तर काम. मी नाही म्हटलं. ज्या सहलीसाठी मी शिकवण्या घेऊन पैसे साठवले, तिच्या कागदावर मी नवऱ्याच्या खर्चानं जाणारी बाई म्हणून सही करणार नव्हते. ते खोटं होतं आणि मला ते लागलं.

तुम्हाला घाई असेल तर तसं पत्र जरूर द्या, त्यात बेकायदा काही नाही. आहे तशी फाइलही तुम्हाला जमा करता येते. केंद्र फक्त कागद घेऊन पुढे पाठवतं, निर्णय वकिलातीचा असतो. पण अपुरे कागद देऊन नकार आला तर फी परत मिळत नाही. माणशी ९० युरो, केंद्राचं शुल्क वेगळं. मी फाइल परत घेतली.

दुसऱ्या दिवशी, खातं दोघांचं आहे असं शिक्का-सहीचं पत्र मागायला मुलुंडच्या शाखेत गेले. "होम ब्रँचला जा." संगणकावर सगळं दिसत होतं, पण शिक्का मारायला ते तयार नव्हते. वर सांगितलं, स्टेटमेंट ऑनलाइन काढा, त्यावर सही लागतच नाही. व्हिसा केंद्राच्या यादीत तर शिक्का आणि सही दोन्ही स्पष्ट लिहिलेलं होतं.

शनिवारी गिरगाव. महिन्यातला पाचवा शनिवार, म्हणून बँक उघडी होती, पण मार्च एण्ड! अधिकारी मान वर करून बघायला तयार नव्हते. "दोन तारखेनंतर या." रविवारी पाडवा. घरी गुढी उभारली, श्रीखंड केलं, पण माझं चित्त त्या पत्रात. १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँक बंद. २ तारखेला परत गेले, या वेळी हेही बरोबर आले. दोन तास बसलो. पत्र मिळालं ते बाहेर येऊन वाचलं, तर माझं मधलं नाव नुसतं आद्याक्षर. पासपोर्टवर ते पूर्ण आहे. परत आत गेले तर सही करणारे साहेब जेवायला गेलेले, नंतर मीटिंगला.

तेव्हा माझा आवाज चढला. मी म्हटलं, "या खात्यात माझा पगार येत होता. दोघांचं खातं आहे, दोघांची नावं पूर्ण लिहायला तुम्हाला अडचण काय आहे?" सगळी शाखा बघत होती. शेवटी कोपऱ्यातल्या टेबलावरचे एक वयस्क कारकून उठले, "ताई, पासपोर्टची झेरॉक्स द्या, मी बसून करून घेतो." ३ एप्रिलला दुपारी पत्र हातात पडलं. खातं संयुक्त, दोघांपैकी कुणीही चालवू शकतं, दोघांची पूर्ण नावं, खाते क्रमांक, शिल्लक, गोल शिक्का, सही आणि सहीखाली अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा. चर्चगेटला गाडीत बसून मी ते तीनदा वाचलं. दादरला गाडी बदलायची होती, ती चुकता चुकता राहिली.

पण तोवर अपॉइंटमेंटच्या तारखा पळाल्या होत्या. मेच्या सुट्टीआधी सगळी मुंबई तिथं लोटते. रात्री बारानंतर आणि पहाटे मुलगी बघत बसायची, रद्द झालेली एक जागा १७ एप्रिलची मिळाली. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, तर आम्ही मार्चची वाट का बघितली? नियमाप्रमाणे निर्णय १५ दिवसांत, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. आमचं विमान २० मेचं. पासपोर्ट ८ मेला आले. ते एकवीस दिवस मी नीट झोपले नाही.

पासपोर्ट आला की स्टिकर तिथंच वाचा. नावाचं स्पेलिंग, तारखा आणि किती दिवस राहता येईल तो आकडा. उतरण्याचा आणि परत निघण्याचा, दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. मुंबईची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे २० तारखेचं पहाटेचं विमान म्हणजे १९च्या रात्री विमानतळावर. विम्याची आणि हॉटेलची तारीख लिहिताना हा घोळ हमखास होतो.

आणखी एक, खात्यात शिल्लक वाढवायला आदल्या आठवड्यात एफडी मोडून भरू नका. अचानक आलेली मोठी रक्कम डोळ्यात भरते. एफडीच्या पावत्या तशाच जोडा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा लागतो, स्टुडिओत 'शेंगेन' म्हटलं की कळतं.

प्रवास छान झाला. पॅरिसला मेअखेरीस रात्री साडेनऊनंतर सूर्य मावळतो, जेवणाची वेळ कळत नाही. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, आमचा एक दिवस वाचला तो मुलीनं आधी बघितल्यामुळे. स्वित्झर्लंडचा व्हिसा हाच, पण चलन फ्रँक, आणि रविवारी दुकानं बहुतेक बंद, म्हणून शनिवारीच ब्रेड-फळं घेऊन ठेवा. रोममध्ये रस्त्यावरच्या नळांचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. इटलीत पॅसेंजर गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, नाहीतर दंड. आमच्या वेळी विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारला. १२ ऑक्टोबर २०२५पासून तिथं बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, तेव्हा तिथून पुढे दुसरं विमान पकडायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. आणि तूप, पेढे, बर्फी नेऊ नका. बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. बाकरवडी, चकली खुशाल न्या.

माझी नणंद पुढच्या मेमध्ये जाते आहे. तिनं परवा फोनवर विचारलं, वहिनी, थंडी किती असते? मी म्हटलं, आधी स्टेटमेंट काढून बघ. दहा मिनिटांनी तिचा परत फोन. तिच्याही कागदावर एकट्या भाऊजींचंच नाव आहे. सोमवारी मी तिच्याबरोबर बँकेत जाणार आहे.