आईबाबांची क्रूझ आणि खोलीचा नंबर

आईबाबांसाठी मुंबई–गोवा क्रूझचं बुकिंग करताना माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा बघण्यात. आईला घाटात गाडी लागते. जहाज सी-सॉसारखं हलतं, मध्यावर कमी आणि टोकांना जास्त. वरच्या मजल्यांवर डुलणंही वाढतं. म्हणून बाल्कनीचा विचार सोडून खालच्या डेकवरची, बरोबर मधली, खिडकीवाली खोली घेतली. बिनखिडकीची स्वस्त पडते, पण क्षितिज दिसत राहिलं की मळमळ कमी होते.

नंबर पक्का करण्याआधी वरचा-खालचा मजला बघाच. डोक्यावर पूल डेक असेल तर सकाळी सकाळी खुर्च्या ओढल्याचा खरखराट ऐकू येतो. काही खिडक्यांसमोर लाइफबोट टांगलेली असते, मग समुद्र कसला दिसतोय! लिफ्ट जवळ हवी (बाबांचे गुडघे), पण अगदी दाराशी नको.

बाजूही महत्त्वाची. गोव्याकडे जाताना किनारा डावीकडे, सूर्यास्त उजवीकडे, परतताना उलट. आम्ही उजवी घेतली.

आणि ‘गॅरंटी’ दरात खोली कंपनी ठरवते. तो कितीही स्वस्त असो, वयस्कर माणसांसाठी मी कधीच घेणार नाही.