कटिंगनंतरची आंघोळ

कटिंग करून आलं की आंघोळ होईपर्यंत घरात कशालाही हात लावायचा नाही. ह्या नियमाला आमच्याकडे अपील नाही. त्यामुळे परवा रविवारी दुपारी अडीच वाजता मी पंचा गुंडाळून ड्राय बाल्कनीत उभा होतो. मानेवरचे केस टोचत होते आणि समोर गॅस गिझर नुसता टक टक टक करत होता. पेटायचं नाव नाही.

टकटक येतेय म्हणजे पाण्याला जोर आहे, एवढं मला कळतं. पाणीच हळू आलं तर आतला पडदा हलत नाही आणि गिझर चकार शब्द काढत नाही. तेव्हा पाणी निर्दोष. राहिले सेल. टॉर्चमध्ये घालतात तसले जाडजूड दोन, प्रत्येकी १.५ व्होल्टचे. ते मरायला टेकले की ठिणगी कशीबशी पडते, पण गॅसची झडप उघडायचं बळ उरत नाही. मी सेल काढले, तळहातांवर चोळले आणि कठड्यावर उन्हात ठेवले. हे शास्त्र मी ट्रान्झिस्टरच्या काळात शिकलो. उन्हात तापवलेल्या सेलांवर मी अख्खी कसोटी ऐकलेली आहे, तेव्हा मला कुणी शिकवू नये.

“कशाला हात लावलास रे?” आतून आवाज आला.

सेल त्यात धरत नाहीत, असं मी सांगितलं.

बंबाचं असं काही नव्हतं. तो पेटला नाही तर दोष माणसाचाच. साताऱ्याकडच्या आमच्या घरी मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता आणि सुट्टीत तो पेटवायचं काम आम्हा पोरांकडे. मधल्या नळीत मक्याची बुरकुंडं, उसाची चिपाडं, करवंट्या, वर गेल्या वर्षीची गणिताची वही. वही झटकन जळायची. बाकीचं नुसतं धुमसायचं. डोळे चोळत, खोकत, अंगणभर पळत आम्ही फुंकायचो. आजी तुळशीपाशी बसून बघायची. “फुंकर घालतोयस की उसासे टाकतोयस?” मग उठायची, फुंकणी लावायची आणि दोन फुंकरींत भप्प. तोटीतून बादलीभर कढत पाणी काढलं की वरून बादलीभर गार ओतायचं, हा दुसरा कडक नियम. एकदा मी विसरलो. बंब आतून कोरडा पडला, झाळ सुटली आणि त्याला सायकलला बांधून तांबटाकडे न्यावं लागलं. वाटेत भेटेल तो विचारायचा, कुणी केलं?

आजीच्या माहेरी म्हणे काडेपेटीसुद्धा जपून वापरायचे. रात्री निखारा राखेत पुरायचा आणि सकाळी उकरून चूल पेटवायची. विझलाच तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी विस्तव मागायला जायचं.

निखारा जपायची ही रीत मला पुढे भेटली ती थेट न्यू जर्सीत. मावसभावाच्या तळघरात गॅसवरची पाण्याची टाकी होती आणि तिच्या पोटात एक बारीक ज्योत रात्रंदिवस तेवत असायची. एका जानेवारीत त्याचा फोन आला, “पायलट गेला.” मला वाटलं विमानाचं काहीतरी. हा बिचारा थंडगार फरशीवर पालथा पडून, बटण दाबून धरून, मनातल्या मनात साठ मोजत होता. त्या ज्योतीत धातूचं एक बोट असतं. ते तापलं की कणभर वीज तयार होते आणि तेवढ्यावर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली, बोट गार पडलं, की झडप आपोआप बंद. मावशी तेव्हा तिकडेच होती. ती त्या ज्योतीला नंदादीप म्हणायची. विझला म्हणून दोन दिवस हळहळली.

असो. ऊन खाल्लेले सेल घातले. टक टक टक. शून्य.

शेवटी हीच बाहेर आली. माझ्याकडे बघितलं, सिलिंडरकडे बघितलं आणि रेग्युलेटर फिरवला. भप्प. निळी ज्योत.

“सकाळी मीच बंद केला होता,” ती म्हणाली. “रोज करते.”

मला माहीत होतं. विसरलो होतो.

जुन्या सोसायटीत आमच्या खालच्या मजल्यावर एक पंचविशीचा मुलगा राहायचा. गिझर बाथरूमच्या आत, आणि थंडी येते म्हणून खिडकीच्या काचांना पुठ्ठा लावलेला. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला, म्हणून घरच्यांनी दार वाजवलं. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, गळला तर कळावं म्हणून. पण कोंडलेल्या जागेत हवा कमी पडली आणि तो अर्धवट जळला की जो कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. बंबाच्या धुरानं आम्हाला शंभरदा अंगणात पिटाळलं होतं. त्या पोराला कुणी पिटाळलं नाही.

त्याच महिन्यात आमचा गिझर बाहेर बाल्कनीत आला.

आंघोळ झाली. आता हात लावायला हरकत नव्हती. डोकं पुसत बाल्कनीत गेलो आणि रेग्युलेटर बंद केला.