अमेरिकेत काडतुसांची टंचाई? तुम्ही विचारलंत म्हणून

२०२४च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. तेव्हापासून यवतमाळहून आणि पुण्याहून येणाऱ्या फोनवर माझ्याही नेमबाजीची चौकशी होऊ लागली. मावसभाऊ विचारतो, कॉलेजातल्या मैत्रिणी विचारतात, त्यांची मुलं विचारतात. प्रश्न एकच असतो. अमेरिकेत बंदुका आणि काडतुसं साध्या दुकानात मिळतात म्हणे, मग तू घरी बसून काडतुसं का भरतेस? आणि त्या देशात कसली आलीय टंचाई? प्रत्येकाला थोडं थोडं सांगत आले. आता एकदा सगळं सांगते.

मी ओहायोत राहते आणि हायपॉवर रायफल या प्रकारात खेळते. त्यातली नेहमीची मोठी स्पर्धा ५० फैरींची असते. २०० यार्डांवरून दहा उभ्याने, दहा बसून भराभर, मग ३०० यार्डांवरून पालथं पडून दहा भराभर आणि शेवटी ६०० यार्डांवरून वीस सावकाश. आमच्या राज्यात ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे. १९०७ पासून तिथे राष्ट्रीय स्पर्धा होतात, आणि या खेळातल्या प्रत्येकाची तिथे एकदा तरी उभं राहायची इच्छा असते. स्पर्धेच्या ५० फैरी काहीच नाहीत. त्यांच्या मागे सरावाच्या किती जातात, ते कुठल्याही नेमबाजाच्या घरच्यांना विचारा.

आता काडतूस म्हणजे काय ते बघा. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला मसुराएवढा प्रायमर, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की पिन प्रायमरवर आदळते, प्रायमर ठिणगी देतो, दारू जळते, वायूच्या दाबाने गोळी नळीतून निघून जाते. पुंगळी मागे राहते. चारांपैकी सगळ्यात महाग भाग तोच, आणि नेमका तोच परत वापरता येतो. म्हणून भराभर फैरी संपल्या की आमच्या मैदानावर सगळे वाकून आपापल्या पुंगळ्या वेचत असतात. घरी त्या धुवायच्या, जुना प्रायमर काढायचा, साच्यातून दाबून मूळ मापाला आणायच्या, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची आणि गोळी बसवायची. भारतात हे सहसा कुणी घरी करत नाही. तिथे परवान्यावर काडतुसं किती घ्यायची तेही लिहिलेलं असतं. इथे हा रीतसर छंद आहे, आणि ६०० यार्डांवर खेळणाऱ्याची गरजही, कारण आपल्या रायफलीला नेमकं मानवणारं काडतूस खोक्यात तयार मिळेलच असं नाही.

मी प्रायमर हातातल्या छोट्या यंत्राने एकेक बसवते. मूठ आवळली की तो खाचेत सरकतो, मग किंचित अडतो आणि बुडाशी टेकल्याचं तळव्याला कळतं. ज्या पुंगळीत तो सैल जातो, ती बाजूला काढून टाकायची. किती वेळा भरली याची वहीत नोंद असली तरी पितळ दमलंय हे आधी हाताला कळतं. दारू ग्रेनमध्ये तोलतात आणि एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. माझ्या रायफलीच्या .२२३ मापाच्या काडतुसाला २४ ग्रेनच्या आसपास लागते, म्हणजे पौंडाच्या डब्यात साधारण २९० काडतुसं होतात. हा हिशोब डोक्यात असला की कुठल्या वेळी काय कमी पडणार ते आधीच दिसतं.

कमी पडतो तो प्रायमर. पुंगळी परत वापरता येते. शिश्याच्या गोळ्या काही लोक घरी ओततात. दारूचा एक डबा पुष्कळ दिवस पुरतो. पण दर फैरीला एक प्रायमर लागतोच, आणि तो घरी बनवता येत नाही, बनवूही नये. त्यात लेड स्टिफनेट नावाचं, धक्क्याने पेटणारं रसायन असतं. इतक्या मोठ्या अमेरिकेत प्रायमर बनवणारे मोठे कारखाने मोजकेच आहेत. आयडाहोत लुइस्टनला सीसीआय, मिनेसोटात अनोकाला फेडरल, शिवाय विंचेस्टर आणि आर्कान्सात लोनोकला रेमिंग्टन. हे सगळे तयार काडतुसंही विकतात. मागणी वाढली की स्वतःचे प्रायमर आधी स्वतःच्या काडतुसांत घालतात, उरले तर सुटे विकतात. घरी भरणाऱ्यांचा नंबर शेवटचा. टंचाईचं मूळ इथे आहे, आणि हे कळलं की कारखानदारांवरचा अर्धा राग जातो.

२०२० साली सगळं एकदम आलं. महामारी, रस्त्यावरची अशांतता आणि निवडणूक. बंदूक घेताना होणाऱ्या चौकशीच्या नोंदींचा आकडा एफबीआयकडे त्या वर्षी जवळपास चार कोटींवर गेला, म्हणजे तोवरचा सर्वांत मोठा. नव्याने बंदूक घेतलेल्या प्रत्येकाने चार खोकी काडतुसं घेतली तरी काय होईल ते बघा. त्याच उन्हाळ्यात रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली आणि पुढे लोनोकचा कारखाना फेडरल-सीसीआयच्या तेव्हाच्या मालकाकडे, म्हणजे व्हिस्टा आउटडोअरकडे गेला. त्या कंपनीकडे तुंबलेल्या मागण्या एक अब्ज डॉलरच्या वर गेल्याचं तिनेच सांगितलं होतं. वीस सेंटच्या आत मिळणारं ९ मिलिमीटरचं काडतूस साठ-सत्तर सेंटला जाऊ लागलं. हजार प्रायमर पूर्वी ३०-३५ डॉलरना यायचे. ते शंभराच्या घरात गेले, आणि खाजगी सौद्यात दोनशेच्याही वर. पुढे २०२१च्या सप्टेंबरपासून रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने बंद झाले आणि स्वस्त मालाचा तोही रस्ता आटला.

पण माझ्या मनाला लागलेली टंचाई त्याआधीची, २०१३ची. २०१२च्या डिसेंबरात सँडी हुकच्या शाळेतलं हत्याकांड झालं. त्यानंतर कायदे कडक होणार या भीतीने लोकांनी दुकानं रिकामी केली, आणि त्यात सगळ्यात आधी नाहीसं झालं ते .२२चं काडतूस. ते अगदी लहान आणि सगळ्यात स्वस्त. मुलं त्याच्यावरच शिकतात. एनसीसीत असताना मीही त्याच्यावरच शिकले. आम्हाला मोजून काडतुसं मिळायची आणि फायरिंग झाल्यावर पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागायच्या. .२२ पुन्हा भरता येत नाही, कारण त्याचं पेटणारं रसायन पुंगळीच्या काठातच भरलेलं असतं आणि पिनेच्या ठोक्याने तो काठ चेपतो. म्हणजे दुकानात नाही तर कुठेच नाही. सकाळी मालाची गाडी येते तेव्हाच रांग लावून काही लोक सगळी खोकी उचलायचे आणि दुपारी दुप्पट-तिप्पट भावाने विकायचे. आमच्या क्लबातल्या मुलांचे शनिवारचे वर्ग त्यामुळे बंद पडायची वेळ आली. बारा-तेरा वर्षांची मुलं यायची, नेम धरायची आणि चाप न ओढता घरी जायची. ज्यांनी तळघरात ढीग लावले त्यांच्याबद्दल मला तेव्हा जे वाटलं, तेच आजही वाटतं. ती साठेबाजी होती. टंचाई येणार या भीतीने प्रत्येकाने दुप्पट घेतलं की टंचाई येतेच.

म्हणून माझं सांगणं पहिल्यापासून एकच आहे. माल मुबलक असताना, नेमाने, थोडं थोडं घ्यावं, आणि लोक धावत सुटले की आपण घेणं थांबवावं. महिन्याच्या खर्चात प्रायमरची एक थप्पी बसते. ती मी स्वस्ताईत घेते. २०२० मध्ये दुकानाबाहेर रांगा होत्या तेव्हा मी त्यांत उभी राहिले नाही, आणि दुप्पट भावाने विकणाऱ्याकडून आजवर काही घेतलेलं नाही. त्याला गिऱ्हाईक मिळतं म्हणून तो पुढच्या वेळी पुन्हा रांगेत उभा राहतो. किती जवळ ठेवावं, याला इथे नियमांचीही मर्यादा आहे. अग्निसुरक्षेच्या राष्ट्रीय मानकानुसार घरात मूळ डब्यांतली २० पौंड दारू आणि १०,००० प्रायमर. दारू त्याहून जास्त, ५० पौंडांपर्यंत ठेवायची तर जाड लाकडी पेटी हवी. प्रायमर मूळ खोक्यातच ठेवायचे. बरणीत एकत्र ओतले तर एक पेटल्यावर सगळे एकदम उडतात. काही लोक हौसेने बरण्या भरतात, ते पाहून मला धडकी भरते.

टंचाईत मंडळी आणखी एक करतात, त्याबद्दल कळकळीने सांगते. नेहमीची दारू मिळाली नाही की जी मिळेल ती त्याच मापाने घालतात. असं करू नका. एका दारूचे २४ ग्रेन सुरक्षित असतील, तर दुसरीचे तेवढेच रायफल फोडू शकतात. प्रायमरची कंपनी बदलली तरी दाब बदलतो. बदल झाला की छापील पुस्तकातल्या सर्वांत कमी मापापासून पुन्हा सुरुवात करायची, दुसरा मार्ग नाही. काडेपेटीच्या गुलापासून प्रायमर भरायच्या युक्त्याही त्या काळात फिरत होत्या. त्यापेक्षा वर्षभर रायफल कपाटात राहिलेली बरी.

अर्थात रायफल कपाटात ठेवायची गरजही नसते. टंचाईत माझा खेळ सुधारला तो कोरड्या सरावाने, म्हणजे काडतुसाशिवाय. भिंतीवर काळा ठिपका लावायचा, जॅकेट घालायचं, पट्टा दंडाला आवळायचा आणि उभ्याने नेम धरून रिकामा चाप ओढायचा. खटका पडताना पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, ठिपक्यावरून हलली की चूक तिथेच दिसते. खऱ्या फैरीत ती धक्क्यात आणि आवाजात लपून जाते. खोलीत एकही काडतूस ठेवायचं नाही, नळी दोनदा पाहायची. जुन्या .२२ रायफलीवर मात्र हे तसंच करू नये, पिन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, काठावर आदळून तो खराब होतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१०ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचं, म्हणजे पालथं पडून खेळायच्या प्रकाराचं, जागतिक विजेतेपद मिळवलं, तो खेळ .२२चाच. भारतात नेमबाजांना बाहेरून येणारी महागडी काडतुसं जपून वापरावी लागतात, त्यामुळे आपल्याकडची मुलं कोरडा सराव न सांगता करतात. इथल्या मुलांना तो शिकवावा लागतो. आमच्या वर्गात २०१३ नंतर आम्ही अर्धा तास त्यालाच ठेवला. शिवाय तळघरात १० मीटरवर ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्यांची एअर रायफल. छर्ऱ्यांना ना दारू लागते ना प्रायमर, त्यामुळे त्यांची चणचण मला कधी भासली नाही.

अलीकडे प्रायमर परत दिसू लागले, तर दारू नाहीशी झाली. माझी आवडती व्हर्गेट नावाची दारू ऑस्ट्रेलियात मुलवाला इथे बनते. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून तोफगोळ्यांना लागणाऱ्या दारूची मागणी जगभर वाढली आणि आमच्यासारख्यांचे डबे मागे पडले. या दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज, आणि तो होतो कापसापासून. कापसातून रुई काढून झाल्यावर सरकीवर जी आखूड लव राहते ना, त्या लिंटरपासून. यवतमाळच्या जिनिंगच्या आवारात खेळत मोठी झालेली मी, आणि ओहायोतल्या दुकानातलं रिकामं फडताळ बघताना सरकीपाशी येऊन पोचते. कारखाने वाढवून टाकावेत इतकं हे काम सोपं नाही. आपल्या भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत दारूही बनते. २०२५च्या २४ जानेवारीला तिथे स्फोट होऊन किमान आठ कामगार गेले. डबा महाग झाला म्हणून कुणी कुरकुरलं की मला ती माणसं आठवतात.

राहता राहिला क्लब. दारू आणि प्रायमर घातक माल म्हणून पाठवतात, त्यामुळे प्रत्येक मागणीवर वेगळा आकार बसतो, तुम्ही एक डबा घ्या नाहीतर दहा. आम्ही चार-पाच जण मिळून मागवतो आणि तो आकार वाटून घेतो. कुणाकडे प्रायमर असतात आणि दारू नसते, कुणाचं उलट, मग अदलाबदल होते, मूळ भावाने. मुलांची .२२ काडतुसं मोठ्यांनी वापरायची नाहीत, असा ठरावही २०१३ नंतरच झाला. त्यासाठी वेगळं कुलूपबंद कपाट आहे आणि वर्गणीतला ठरावीक भाग त्यालाच जातो. २०२० मध्ये मैदान बंद होतं, कॅम्प पेरीच्या स्पर्धाही रद्द झाल्या, पण मैदान उघडलं त्या शनिवारी कपाटात मुलांना पुरेल इतकं होतं.

मग तू किती साठवतेस, हा तुमचा पुढचा प्रश्न. एका हंगामाचं, आणि पुढच्या हंगामाची निम्मी तजवीज. ऑक्टोबरात स्पर्धा संपल्या की वही काढते, किती गेलं ते बघते आणि हिवाळ्यात सावकाश तेवढंच परत घेते.